चोवीस गिलास कांदे

हिवरखेडच्या शाळेत आशाबाई तेवीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होत्या. काचा धुवायच्या, सूक्ष्मदर्शक पुसायचे, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या. पण सूक्ष्मदर्शकात त्यांनी कधी डोकावून पाहिलं नव्हतं. त्यांना कुणी 'बघा' म्हटलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

यंदा अमरावतीहून सरोजिनी मॅडम नव्याने आल्या होत्या. बारावीच्या प्रात्यक्षिकासाठी त्यांनी बाजारातले चोवीस कांदे पाण्यावर बसवले. परीक्षा सोमवारी, आणि रविवारी सकाळी मुळांची टोकं कापून औषधात टाकायची होती. गुरुवार उजाडला तरी एका कांद्याला मूळ म्हणून फुटेना. मॅडम रडकुंडीला आल्या.

आशाबाईंनी एक कांदा उचलून बोटाने दाबला. "मॅडम, हे नवे कांदे हायत. अजून झोपेत हायत बिचारे. माह्या घरी मागच्या उन्हाळ्यातले हायत, कोंब फुटलेले. तुमी चिंता नोका करू!"

घरी जाऊन त्यांनी होते तेवढे सगळे, चोवीसच्या चोवीस गिलास ओट्यावर मांडले. कांद्यांची वाळकी मुळं खरडली, बुडाला जेमतेम टेकेल इतकंच पाणी घातलं आणि एकेका गिलासाच्या तोंडावर एकेक कांदा बसवला. खुशालराव शेतातून आले, तर चहा प्यायला भांडं नाही.

"च्या कायच्यात पिऊ मी?"

"वाटीत प्या."

"काहून?"

"गिलासात कांदे बसले हायत. जोरानं बोलू नोका."

शनिवारी सकाळी आशाबाईंनी एक कांदा वर उचलला आणि किंचाळल्याच. बुडाशी पांढरीशुभ्र मुळं, बारीक शेवयांसारखी! त्यांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला. खुशालराव वाटी हातात धरून ओट्यापाशी आले आणि मोजता मोजता त्यांनाही हसू फुटलं. चोवीसपैकी तेवीस कांदे फुटले होते. रविवारी सकाळी दोघं ऑटोत बसून शाळेकडे निघाले, मांडीवर ताटं, ताटांत गिलास. खड्डा आला की आशाबाई ऑटोवाल्याला दम भरायच्या, "हळू रे, माहे लेकरं हायत!"

सोमवारी परीक्षेआधी मॅडमनी आदल्या दिवशी कापून औषधात टाकलेलं मुळाचं एक टोक रंगात भिजवलं, दिव्यावर जरा शेकलं, काचेवर अंगठ्याने दाबलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. पाहिल्यावर त्या बाजूला सरकल्या. "आशाबाई, या. आधी तुम्ही."

आशाबाईंनी पदराला हात पुसले आणि वाकून पाहिलं. सुरुवातीला नुसता धूसर गुलाबी रंग. मॅडमनी चाक फिरवलं तशा एकाशेजारी एक चौकोनी खोल्या दिसल्या. एका खोलीत लाल दोऱ्यांचे दोन झुपके, एकमेकांपासून दूर सरकताना थबकलेले.

"अवो मॅडम! हे त एकाचे दोन होऊन राहिले ना वो!"

"असंच तर वाढतं मूळ."

आशाबाईंना हसू आवरेना. परीक्षक दारात येऊन उभे राहिले, मुलांची रांग लागली, तरी त्या तिथून हलेनात. शेवटी बाहेर जाऊन त्यांनी खुशालरावांना फोन लावला.

"लवकर या. वाढून राहिला तो, दिसून राहिला!"

"कोन?"

"कांदा!"

परीक्षा आटोपल्यावर खुशालराव आले, सोबत शेजारच्या शेतातले सूर्यभान आणि गोवर्धन. मॅडमनी काच पुन्हा लावून दिली. खुशालराव वाकले आणि दोन्ही डोळे घट्ट मिटून उभे राहिले.

"अवो, एक उघडा ठेवा!" असं म्हणत आशाबाईंनी स्वतःच चाक फिरवायला घेतलं.