कार्बोरेटरसाठी उल्हासनगरला तीन फेऱ्या

सांगलीहून बदलापूरला निघालो तेव्हा पिशवीत कपड्यांपेक्षा पाने-पकडीच जास्त होत्या. तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला काढलेली. बहिणीच्या सासरची गाडी बंद पडली म्हटल्यावर मला कोण अडवणार!

सुमनचं घर हेंद्रेपाड्यात, शेत नदीकडे. तिचे सासरे आबा गुडघ्यांनी बेजार. जाड टायरांच्या टू-स्ट्रोक एटीव्हीवर, म्हणजे शेतात चालणाऱ्या उघड्या चारचाकीवर, बसूनच ते भाताची खाचरं बघायला जातात. तिचाच कार्बोरेटर कामातून गेला होता.

दुसऱ्या दिवशी उल्हासनगर गाठलं. पार्टच्या दुकानाचे म्हातारे सिंधी मालक कार्बोरेटर देताना आदराने म्हणाले, "एअर स्क्रू दीड फेरा खोला, साईं. गाडीचा फोटो असेल तर दाखवा, पेट्रोलची नळी नाप घेऊन कापून देतो."

"मला शिकवू नका," मी म्हणालो आणि लांबलचक नळी तशीच घेतली. वाटेत अंबरनाथला शिवमंदिर पाहिलं, फोटो काढले, बाहेर गरम वडापाव खाल्ला. स्वारी खुशीत होती.

घरी कार्बोरेटर बसवताना नळी तापलेल्या सायलेन्सरला लागू नये म्हणून मी ती चेसिसच्या वरच्या दांडीवरून ऐटीत वळवून घेतली. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. अंगणाच्या टोकाला जाऊन ती बंद पडली, आणि मग दर वेळी तिथेच.

सकाळी तणतणत पुन्हा उल्हासनगर. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. "डुप्लिकेट माल विकता! उल्हासनगरचं नाव उगाच नाही झालं!" मी ओरडलो. एकाने हातातली क्लच प्लेट काउंटरवर ठेवून काढता पाय घेतला, त्याच्यामागून आणखी दोघांनी. मालकांनी दुसरा कार्बोरेटर बांधून दिला.

तोही बसवला. गाडी पुन्हा अंगणाच्या टोकाला बंद. ओट्यावर बसलेले आबा काठी टेकत आले आणि काठीचं टोक त्यांनी नळीला लावलं.

"पाव्हनं, ही नली टाकीच्या वर कशापायी नेली? पानी कंदी चढाव चढतं का?"

जन्मभर खाचरांत पाणी फिरवलेला माणूस तो. टाकीतलं पेट्रोल उताराने आपोआप उतरणारं. माझ्या त्या ऐटदार कमानीत हवा अडकून ते थांबत होतं, आणि कार्बोरेटरच्या वाटीत असेल तेवढ्यावर गाडी अंगणभर चालत होती. नळी कापून सरळ उतार दिला. आबा शेताला चक्कर मारून आले. सुमन जावांना म्हणाली, "दादा हुशारच आहे माझा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सांगलीत सगळ्यांना मंदिराचे फोटो दाखवले. परतीच्या सकाळचं मात्र कुणाला बोललो नाही, ते इथे लिहितो.

जाता जाता उल्हासनगरला उतरलो. मालक नुकतंच दुकान उघडून उदबत्ती लावत होते. मी हात जोडले. "चूक माझी होती. माल चांगला होता."

ते वळले. "त्या दिवशी बोललात तेव्हा दुकान भरलेलं होतं, साईं. आज कोणी नाही."

खरं होतं. गर्दी व्हायच्या आत पोहोचायचं हे मी ठरवूनच आलो होतो. सांगलीची गाडी चुकली तर चुकली म्हणून स्टुलावर बसलो. पाच-सहा गिऱ्हाइकं जमल्यावर उठलो आणि माल अस्सल होता, नळी मीच चुकीची टाकली, यांना उगाच खोटं ठरवलं, असं खाली बघत पुटपुटलो.

मागून कुणीतरी विचारलं, "क्या बोले अंकल? सुनाई नहीं दिया."

मग ते सगळं मला पहिल्यापासून, मोठ्याने, पुन्हा सांगावं लागलं.