घासून गेलेला नंबर

त्या प्रकरणातले तीन दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. नोकरीत मी खून पाहिले, अपघात पाहिले. पण सुन्न झालो तो बिडाच्या एका ठोकळ्यामुळे.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. एका सकाळी शहरातले एक प्राध्यापक फिर्याद घेऊन आले. त्यांच्याकडे वडिलांची जुनी, दोन दारांची छोटी गाडी होती. शर्यतीत पळवता यावी म्हणून कारखान्यानेच जादा ताकदीचं इंजिन बसवून काढलेल्या मोजक्या गाड्यांपैकी ती एक. इंजिन तापून बंद पडलं, तेव्हा त्यांनी ते आमच्या गावच्या एका मिस्त्रीकडे बांधायला दिलं. काम झाल्यावर गाडी विकायची म्हणून पुण्याहून किंमत ठरवणारा माणूस आला. त्याने आधी ब्लॉकवरचा नंबर शोधला. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मुख्य बिडाचा सांगाडा. नंबर असायचा त्या जागी गुळगुळीत लोखंड होतं. मूळ ब्लॉक असेल तर गाडीचे चौदा लाख, नसेल तर पाच, असं सांगून तो निघून गेला.

"मिस्त्रीने माझा ब्लॉक बदलला," प्राध्यापक म्हणाले. सोबत त्यांनी जुन्या इंजिनाचा फोटो जोडला होता. त्यात नंबर स्पष्ट दिसत होता.

आमचे हवालदार मिश्कील. "सर, आमच्या घरी आजीच्या वेळचा बिडाचा तवा हाय. त्याचे किती येतील?"

मीही हसलो. पण चोरीच्या गाड्यांचे नंबर घासलेले मी इतके पाहिले होते की मनात निकाल तिथेच लागला. नंबर नाही म्हणजे चोरी. विश्वासघाताचा गुन्हा दाखल केला.

दुपारी खबऱ्याने सांगितलं, "मागच्या महिन्यात मिस्त्रीनं एक इंजिन टेम्पोत घालून बाहेर काढलं. दिवसाढवळ्या. म्या डोळ्यानं बघितलं." शेजारच्या मानवतची दोन भंगार दुकानं तपासली, काही सापडलं नाही. नोटीस देऊन मिस्त्रीला बोलावता आलं असतं. मी अटक केली आणि गाडीतलं इंजिन जप्त केलं.

मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा. चौकशीत कुणी त्याच्यावर हात उचलला नाही, हे मी खात्रीने सांगतो. मी विचारलं, "नंबर कुणी घालवला?"

"मीच घालवला साहेब."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मिस्त्री पुढे सांगत होता, "फेसिंग केल्याबगर हेड बसत न्हवतं. तोंडच वाकडं झाल्तं ब्लॉकचं…"

"ते फेसिंग-बिसिंग राहू दे. घालवला ना? मग झालं," हवालदार म्हणाले आणि लिहू लागले. जबाबात एकच वाक्य उतरलं: सदर इंजिनवरील क्रमांक मी स्वतः नष्ट केला आहे. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण तपासाची दिशा तीच ठरवते. कोर्टाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

तिसऱ्या दिवशी टेम्पोवाला सापडला. त्याने इंजिन भंगारात नाही, परभणीला एका लेथवाल्या काकांकडे पोचवलं होतं. मी स्वतः तिथे गेलो. काकांनी चष्मा कपाळावर सारला.

"तापून वाकडा झालेला ब्लॉक आला होता. वरचं तोंड बारा थाऊ घासलं, सपाट केलं. त्यालाच फेसिंग म्हणतात."

"थाऊ म्हणजे?"

"इंचाचे हजार भाग करा. त्यातले बारा. आणि कारखान्याचा ठसा असतो आठ थाऊ खोल. त्याच तोंडावर. मग ऱ्हाईल का नंबर?"

तरीही मी विचारलं, "हा तोच ब्लॉक, कशावरून?"

"साहेब, त्या सरांच्या वडलांच्या वेळेला त्याला चीर गेल्ती. मीच पितळ भरलं. बगलेला, बोटभर लांब, खाली वाकलेलं. जाऊन बघा की."

फाइल माझ्या हातातच होती. फिर्यादीसोबतचा फोटो काढला. नंबराच्या खाली, बगलेला, पितळेचा पिवळा जोड दिसत होता: बोटभर लांब, खाली वाकलेला. तो फोटो तीन दिवस माझ्या टेबलावर होता. ठाण्यात येऊन जप्त इंजिनावर टॉर्च मारला. जोड तिथेच होता.

चोरी झालीच नव्हती. माणूस दोन रात्री कोठडीत होता, आणि त्याने पहिल्याच तासात खरं सांगितलं होतं.

प्राध्यापकांना बोलावलं. ते म्हणाले, "फेसिंग करावं लागेल असा त्यांचा फोन आला होता. मी 'करा' म्हणालो. त्यात नंबर जातो हे मला काय माहीत?" मिस्त्रीने ते सांगायला हवं होतं, हे खरं. पण ही चूक गुन्ह्याची नव्हती. मिस्त्रीला सोडलं, कोर्टाला अहवाल पाठवला आणि गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याची मंजुरी, मागितली.

त्याची प्रत द्यायला गॅरेजवर गेलो आणि दारातच थांबलो. अटकेच्या दिवशी माझ्याच पंचनाम्यात तिथे अकरा गाड्यांची नोंद होती. आता चाकं काढलेली एक जीप होती. बाकीचे मालक आपापल्या गाड्या ओढून घेऊन गेले होते.

मिस्त्रीने कागद वाचला, घडी घातली. "चांगला हाय साहेब. पर गिऱ्हाइकाला काय वाचून दावू?"

दुसऱ्या दिवशी मी माझी स्वतःची मोटारसायकल तिथे नेली आणि गणवेशात तासभर स्टुलावर बसलो, बाजाराकडे तोंड करून. मिस्त्रीने गाडी चालू केली, कान लावला, बंद केली.

"हिला काय झालं न्हाई साहेब."

"माहीत आहे."

पुढच्या नोकरीत मी एक पथ्य पाळलं. आरोपी आपल्या कामातला एखादा शब्द बोलला आणि मला तो कळला नाही, तर लेखणी थांबवायची. त्या कामाच्या जागी जायचं, ते काम होताना बघायचं, मगच जबाब लिहायचा. याने तपासाला एखादा दिवस जास्त लागतो, इतकंच.

दर महिन्याला मी त्या गॅरेजवरून जायचो आणि तिथल्या गाड्या मोजायचो. सव्वा वर्षाने माझी बदली झाली, तेव्हा चार होत्या.