ओदिलनं शब्दाला शब्द सांगितला

केप ब्रेटन बेटाच्या किनाऱ्यावर ओदिल शियासोंला कलावंत असं कुणी म्हणत नसे. म्हणत, ‘मोठी डूख धरणारी बाई आहे.’ ते खरंच होतं आणि मला विचाराल तर तिनं धरला तो डूख कमीच होता.

तिच्या घरात फ्रेंच, शाळेत इंग्रजी. वर्गात चुकून फ्रेंच शब्द निघाला की बाई कोपऱ्यात उभं करायच्या. पोरीनं इंग्रजी अशी घोटली, की आठव्या वर्षापासून गावातल्या बायका तिला डॉक्टरकडे, पोस्टात हाताला धरून न्यायला लागल्या. तिथं ती एक गोष्ट आपली आपण शिकली. बोचणारं बोलणं पलीकडे पोचवताना त्याची धार काढून टाकायची.

ती नऊ वर्षांची असताना हॅलिफॅक्स शहरातून पेल नावाचा व्यापारी आला. ओदिलची आई दोमितील हिनं दोन हिवाळे खपून गोणपाटावर आकड्यानं लोकर ओढून एक गालिचा केला होता. त्यावर वादळात होड्यांची वाट बघणाऱ्या बायका, आणि त्यातली प्रत्येक बाई गावातली, ओळखू येणारी. पेलनं तो बघितला आणि लगेच गुंडाळायला घेतला.

आईनं एवढंच विचारलं, “माझं नाव लागेल ना त्याच्यावर? विचार बाळ त्यांना.”

ओदिलनं विचारलं. पेल पाइप पेटवत हसला. “हो म्हणून टाक. मासळीचा वास मारणाऱ्या बाईचं नाव भिंतीवर कोण लावतंय!”

आई पोरीच्या तोंडाकडे बघत उभी होती. ओदिल म्हणाली, “हो म्हणतायत, आई.”

गालिचा शहरातल्या मोठ्या दिवाणखान्यात लागला, खाली पेलच्या बायकोच्या नावाची पाटी. दोमितील पुढं अकरा वर्षं जगली. शहराकडून कुणी आलं की विचारायची, “नाव नीट लिहिलंय ना हो?” ओदिल मान खाली घालून लोकर ओढत राहायची.

नंतर ओदिलचे स्वतःचे गालिचे दूरदूरच्या लोकांनी वाखाणले. प्रत्येकाच्या काठावर वीतभर उंचीच्या अक्षरांत आईचं नाव. “तेवढा काठ कापला तर घेतो,” असं कुणी म्हणालं की ती गालिचा गुंडाळायची आणि दार दाखवायची. लग्न केलं नाही. वैर सांभाळायलाच दिवस पुरत नव्हता.

पेल येऊन गेल्यावर चाळीस वर्षांनी गावात गालिच्यांचं दालन उघडायचं ठरलं. पाहुणा म्हणून पेलचं नाव सुचवलं ते ओदिलनंच. सोबत तो जुना गालिचाही आणा, असं तिनं गोड शब्दांत लिहिलं. दुभाषी अर्थातच ती.

म्हातारा पेल काठी टेकत त्या गालिच्यापुढं उभा राहिला, खाली बायकोच्या नावाची पाटी तशीच. समोर ऐंशी बायका, बहुतेकींना इंग्रजीचा गंध नाही. “या गुणी हातांचा मी जन्मभर आदर केला,” तो म्हणाला.

ओदिल बायकांकडे वळली आणि पेलचं चाळीस वर्षांपूर्वीचं वाक्य फ्रेंचमध्ये म्हणाली. मासळीच्या वासासकट. कुठल्या साली, कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाबद्दल, तेही सांगितलं. पेल मान डोलावत होता.

कुणी हललं नाही. त्यानं हळूच विचारलं, “टाळ्या का नाही वाजवत?” ओदिलनं तेही शब्दाला शब्द सांगितलं.

पहिल्या रांगेतली लेओनीस मावशी, दोमितीलची धाकटी बहीण, उठली. “सांग त्याला, ती पाटी काढ म्हणावं. आपल्या हातानं.”

ओदिलनं सांगितलं, अगदी संथपणे. पेलचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं दाराकडे बघितलं. दारात बायका होत्या. त्यानं खिशातला चाकू काढला आणि बायकोच्या नावाची पाटी उचकटायला लागला. बराच वेळ लागला. कुणी मदत केली नाही. ओदिलला आयुष्यात कशाची चव इतकी गोड लागली नव्हती.

पाटी खाली पडली तेव्हा मावशी तिच्याजवळ आली होती.

“तो असं म्हणाला, आणि तू दोमितीलला काय सांगितलंस?”

“हो म्हणतायत, असं.”

“शेवटच्या रात्री ती मला सांगत होती, शहरात आपलं नाव लागलंय. मीही खरं मानलं गं.” मावशीनं तिच्या हाताला धरलं नाही. “हा माणूस परका. तू तिच्या पोटची.”

मागून पेल इंग्रजीत विचारत होता, “काय म्हणते ती? मला सांग ना, काय म्हणते?”