खाऊन दमलेला लाव्हेल

लाव्हेल प्रूइटला जेवणाचा कंटाळा आला होता. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मिसिसिपीतल्या त्या गावात लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली असती. एवढा थोरला गडी, दारातून आत यायचं तर खांदा तिरका करावा लागतो, आणि म्हणे जेवण नको! पण खरंच नको होतं. सकाळी अंड्यांचा ढीग आणि मक्याच्या कण्यांची लापशी, थोड्या वेळाने पुन्हा, दुपारी पुन्हा, निजताना मोठा पेलाभर दाट मिल्कशेक. भूक लागायच्या आत पुढचं ताट समोर यायचं. अकरा वर्षं हा माणूस भूक न लागता जेवत होता, आणि तीच त्याची नोकरी होती.

म्हणजे नाव वेगळं होतं. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल, बचावाची पहिली फळी, अगदी मधली जागा. चेंडू सुटला की समोरचे दोन धिप्पाड गडी एकदम अंगावर यायचे आणि याने जागा सोडायची नाही. हा दोघांना अडकवून ठेवायचा, मग मागचा मोकळा राहिलेला पोरगा धावत येऊन चेंडूवाल्याला लोळवायचा. टाळ्या त्या पोराला, टीव्हीवर नाव त्या पोराचं. लाव्हेल तेव्हा कुणाच्या तरी मांडीखाली तोंडात गवत घेऊन पडलेला असायचा. त्याचं त्याला फारसं वाईट वाटत नसे. वाईट सकाळी वाटायचं, पलंगावरून उठताना गुडघे, पाठ आणि मोडून जुळलेली बोटं पाळीपाळीने बोलायला लागायची तेव्हा.

मुळात तो असा नव्हताच. शाळेत उंच, सडसडीत, पळायला चपळ. कॉलेजातले कोच म्हणाले, पळणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत, मला मधला माणूस हवाय, तू खा. तसा घरी फोन गेला. त्याची आई अर्नेस्टीन शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. नवरा लवकर गेलेला, हा एकुलता एक. ती कामाला लागली ती लागलीच. सुट्टीत तो घरी आला की चर्चमधल्या बायकाही झाकलेली भांडी घेऊन हजर व्हायच्या. लाव्हेल गावाचा होता, तेव्हा त्याचं पोटही गावाचंच झालं.

या उन्हाळ्यात मात्र खाल्लेलं अंगी लागेना. वय चौतीस. वजन हळूहळू उतरत चाललेलं. त्याच्या फळीचे कोच हॅस्केल यांनी फोनवर आडपडदा ठेवला नाही. "पहिल्या दिवशी काट्यावर सव्वातीनशे पौंड दिसले पाहिजेत. तुझ्या जागेसाठी दोन तरणी पोरं आहेत, दोन्ही बैल आहेत. कमी भरलास तर माझ्या हातात काही नाही." लाव्हेलला एवढं एकच वर्ष हवं होतं. का हवं होतं ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. दुसरं काही येत नव्हतं, हेच खरं.

रविवारी चर्च सुटल्यावर आईचं टेबल भरलं. तळलेली कोंबडी, कॉलर्डच्या पानांची भाजी, मॅकरोनी, मक्याचा पाव, रताळ्याची गोड पाई. शेजारची मिस वर्लीन आग्रह करायलाच आली होती.

"अर्नेस्टीन, पोराच्या ताटात काहीच नाही की गं!" ती म्हणाली. ताटात तीन तंगड्या होत्या.

"घेतो मी, मिस वर्लीन."

"घेतो काय घेतो! मागच्या वर्षी त्या मेल्यांनी तुला असा आडवा केला, मी चप्पल फेकून मारली."

"लागली का कुणाला?"

"टीव्हीला लागली. आता नवा तू घेऊन दे."

लाव्हेल हसला. आई हसली नाही. ती चौथी तंगडी वाढत होती आणि तिची नजर ताटावरच होती. लाव्हेलने घास तोंडात घातला, तो तिथेच फिरत राहिला.

"पुरे, आई."

"कोच काय म्हणतात?"

"अजून दहा पौंड तरी."

"मग पुरे कसं?" म्हणत ती पाई कापायला उठली.

संघाच्या सराव शिबिरात, वजनाच्या सकाळी तो पोटात मावेल तेवढं पाणी प्यायला. तरी भरणार नव्हतं, हे त्याला कळत होतं. मग त्याने जुन्या गड्यांची युक्ती केली. व्यायामशाळेतली लोखंडी चकती आतल्या घट्ट चड्डीत कमरेपाशी दाबून बसवली आणि वरून सैल चड्डी घातली. दुकानदार मापात मारतात ते गिऱ्हाइकाला कमी देण्यासाठी. हा बापडा स्वतःला जास्त भरवत होता. काट्यावर आकडा बरोबर आला. हॅस्केल बाजूलाच उभे होते. शाबासकी द्यायला त्यांनी कमरेवर थाप मारली आणि हात तिथेच राहिला.

"गार लागतंय रे," ते हळूच म्हणाले.

लाव्हेलने सैल चड्डी वर ओढली.

"माझ्या शेवटच्या वर्षी मीही घातली होती. तुझ्यापेक्षा मोठी." त्यांनी हात काढला. "जा. निघतील तेवढे दिवस काढ."

दिवस फार निघाले नाहीत. सरावात ते दोन बैल आळीपाळीने त्याच्या जागेवर उतरत, आणि त्यांना हलवता हलवता समोरच्यांच्या नाकी नऊ येत. लाव्हेलची पाळी आली की तेच समोरचे त्याला पावलापावलाने मागे रेटत. एका सकाळी, अंड्यांचं ताट पुढ्यात असताना, ऑफिसातला माणूस त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "कोच बोलावतायत. टॅब घेऊन या." डावपेचांचा टॅब परत मागितला की पुढचं सांगावं लागत नाही. शेजारचे गडी एकदम आपापल्या ताटात बघायला लागले. लाव्हेल उठला. अंडी तशीच राहिली.

घरी तो न कळवता आला. आईने दार उघडलं आणि त्याचं तोंड पाहिलं.

"काढलं?"

"काढलं."

ती आत गेली. शेगडीवर राजम्याचं मोठं पातेलं रटरटत होतं, त्याखालचा गॅस तिने बंद केला.

"बस," ती म्हणाली.

"आई, मी आत्ता जेवत नाही."

"जेव म्हटलं का मी? नुसता बस." ती त्याच्यासमोर बसली. "तुला काय वाटलं, मला हौस होती? तुझा बाप छातीत कळ येऊन गेला, तो तुझ्या निम्माही नव्हता. एकेक तंगडी वाढताना मी देवाची माफी मागायचे. पण तू म्हणायचास अजून दहा पौंड. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली असती म्हणजे?"

"सांगायचंस की मला."

"तू सांगितलंस?"

इतकी वर्षं दोघं एका टेबलावर बसून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते. लाव्हेलला रडू आलं, आणि त्याने ते येऊ दिलं.

"आता मी आपणहून वाढणार नाही," आई म्हणाली. "भूक लागली की माग."

त्याने मान हलवली. पण भूक लागते कशी, हेच त्याला आठवत नव्हतं. पुढचे दिवस तो पुढच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसून असायचा. मनात आलं तर एखादं पीच खायचा. मिस वर्लीन झाकलेलं भांडं घेऊन आली, तिला आईने फाटकातूनच परत पाठवलं.

मग एका सकाळी त्याच्या पोटात काहीतरी खळबळलं, आतून ओढ बसल्यासारखं झालं. लाव्हेल घाबरला. बापाची आठवण आली. भिंत धरत धरत तो स्वयंपाकघरात आला.

"आई, मला कसंतरी होतंय. आत रिकामं रिकामं वाटतंय."

आईने घाईने त्याच्या कपाळाला हात लावला, नाडी पाहिली, तोंडाकडे निरखून पाहिलं. तेवढ्यात पोट पुन्हा गुरगुरलं, चांगलं मोठ्याने. एप्रनने डोळे पुसत ती हसायला लागली.

"अरे वेड्या, भूक लागलीय तुला!"

तिने तवा ठेवला आणि एक अंडं फोडलं. एकच. लाव्हेल टेबलाशी बसून तव्याकडे बघत राहिला, आणि ते होईपर्यंत त्याला दम निघेना.