लाल रुमालाची गाठ

बाबांचा निळा रुमाल माझ्या स्कूटीच्या डिकीत होता, आणि बाबा उघड्या डोक्याने गच्चीवर गेले.

आज वर्ष झालं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

ज्यांनी बाबांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. छत्तीसगडातल्या कुरुदपासून दुर्गपर्यंत खांबांवर चढून वायरिंग करणारा माणूस. अख्खं आयुष्य उन्हात काढलं. आई चिडवायची, लाईट गेली की हे घरात सापडत नाहीत.

एका वाढदिवसाला मी त्यांच्यासाठी ऑनलाइन दोन बँडाना मागवले. एक लाल, एक निळा.

"काय म्हणते याले?"

"बँडाना."

"रुमालच हाय ना मंग," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून दोघांनाही ड्युटीवर लावलं.

निळा डोक्याला. ओला करून कानांवरून बांधायचा, म्हणजे उन्हाची लू लागत नाही.
तापलेल्या पत्र्यावर टेकायचं तर तोच गुडघ्याखाली. शिडी उचलायची तर तोच खांद्यावर. बल्बचा गरम होल्डर धरायला तोच, डबा बांधायला तोच.
एकदा सोबतच्या मिस्त्रीचा हात मोडला, तर त्याच रुमालाची झोळी करून त्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी रुमाल धुऊन खुंटीवर, सकाळी परत डोक्यावर.

लाल रुमालाला मात्र एकच काम.

वायरला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करायचा आणि त्याच्या दांड्याला लाल रुमाल बांधायचा. गाठ दिसली की स्विचला कोणी हात लावायचा नाही. ज्याने बांधली त्यानेच खाली येऊन सोडायची. बाहेरचं काम असो की घरचं, नियम तोच.

आणि गाठ सोडली तरी लगेच स्विच चालू नाही. आधी वर तोंड करून आवाज द्यायचे, "वर कोनी हाय काय?"

आम्ही हसायचो. अहो, वर तुम्हीच होतात, तुम्ही तर खाली आलात. आता कोण असणार?

"इचारायले काय जाते?" म्हणायचे. थोडं थांबायचे. मगच चालू.

त्या दिवशी सकाळी माझा स्कार्फ ओला होता. कोचिंगला उशीर होत होता म्हणून मी खुंटीवरचा निळा रुमाल तोंडाला बांधला आणि नेहरू नगरला निघून गेले. भर दुपारी परत आले. रुमाल डिकीत टाकला आणि सरळ कूलरसमोर जाऊन पडले.

बाबा अंगणात होते. गच्चीवरच्या टाकीजवळची वायर तुटली होती, मोटर चालत नव्हती. त्यांनी खिडकीतून विचारलं, "माहा निळा रुमाल दिसला काय वो?"

मी मोबाइल बघत होते. स्कूटी उन्हात उभी होती, दारापासून पाच पावलांवर.

मी म्हटलं, "नाही."

बस, एवढंच.

हातात एकच रुमाल उरला, लाल. तो डोक्याला बांधता आला असता. पण घरात मी होते, आणि पाणी गेलं की न बघता मोटरचं बटण दाबायची माझी सवय त्यांना चांगली माहीत होती. त्यांनी अंगणातला मोटरचा मेन स्विच बंद करून लाल रुमाल त्यालाच बांधला. दहा मिनिटांचं तर काम आहे, असं आईला म्हणाले आणि वर गेले.

आई चहासाठी हाक मारायला गेली तेव्हा ते टाकीला टेकून बसले होते. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. काहीतरी भलतंच बोलत होते. दुर्गच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी गेले.

आई सगळ्यांना एकच विचारत होती, "डोकं उघडं कावून ठेवलं यायनं?"

मी तिथेच उभी होते. 

स्विचची गाठ तशीच राहिली. मामा म्हणाला, मी मिस्त्री आणतो. आई म्हणाली, "ज्यानं बांधली तोच सोडन." वर्षभर आम्ही खालच्या नळावरून बादल्या भरल्या. रोज येता-जाता ती गाठ दिसायची. उन्हात उघड्या डोक्याचा कोणी माणूस दिसला की मला आजही स्कूटी थांबवावीशी वाटते. दुपारी गच्चीवर काही वाजलं की मी जागची हलत नाही. मांजर असतं. असेल.

आज पूजा झाल्यावर मी डिकीतून निळा रुमाल काढला आणि आईसमोर ठेवला. सगळं सांगितलं. ते "नाही"सुद्धा.

आई खूप वेळ रुमालाकडे बघत राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. रडलीही नाही.

मग म्हणाली, "गाठ सोड आता. माह्याच्यानं बादल्या होत नाही."

मी उठले.

"आवाज दे पयले."

गाठ कडक झाली होती. नखाने सोडवावी लागली. रुमाल बाहेरून उन्हाने पांढरा पडलाय, आत, जिथे गाठ होती, तिथे अजून लाल आहे.

मी वर तोंड करून विचारलं, "वर कोणी आहे का?"

बाबा थांबायचे त्याहून मी जास्त थांबले. आई पायरीवर बसून वरच बघत होती.



मी स्विच चालू केला. मोटर घरघरली, आणि थोड्या वेळाने वर टाकीत पाणी पडायला लागलं. डोक्यात ऊन चढत असताना बाबांनी घातलेला तो वायरचा जोड एकदम पक्का होता.

काम झालं होतं, बाबा. फक्त खाली येऊन गाठ सोडायची राहिली होती.

ती मी सोडली. विचारून सोडली.

उतरा आता.