सोपा फॅमिली वॉक

न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थला राहायचे तेव्हा दर रविवारी तळ्याभोवतीच्या वाटेवर तो दिसायचाच. आपल्याच पुण्यामुंबईकडचा कुणीतरी. हात मागे बांधलेले, पट्ट्याला मोबाइलचं पाकीट. दिसेल त्या गोऱ्याला हसून ‘किआ ओरा’ असा माओरी नमस्कार करायचा. मागून बाबागाडी ढकलत, खांद्यावरची डब्यांची पिशवी सावरत बायको यायची, तिच्याकडे मेला एकदाही वळून बघायचा नाही. बघूनच माझं डोकं फिरायचं.

एकदा लाकडी पुलावर गाडीचं चाकच निखळलं. तिने हाक मारली, “अहो!”

“सोपा वॉक आहे गं, बोर्डवर लिहिलंय फॅमिलीसाठी म्हणून!” न वळताच ओरडून तो चालता झाला.

मी तणतणत तिच्या मदतीला धावले. आम्ही दोघी कितीतरी वेळ वाकून ते चाक बसवत होतो. तेवढ्यात तळ्याला अख्खी फेरी मारून तो मागून आला. आमच्या पाठींना “किआ ओरा!” म्हणाला आणि तसाच पुढे निघाला. त्याला चांगलं फैलावर घ्यायला मी तोंड उघडलं, तर तिने माझा हात धरला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “आमची काही ओळख नाही.”