रेडिओ देऊन आणलेली मशीन

आमच्या ह्यांना नव्या वस्तूंचं भलतंच वेड. दिग्रसच्या कापसाच्या जिनात मजुरांची हजेरी मांडायचं काम, घर गावाबाहेरच्या वस्तीत, घरात वीज नाही. पण पेपरात कुठं काही नवं निघालं की ते मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. "आयकलं का वं? थंडगार कपाट निघालं म्हंते. आत दूध ठेवलं तं नासत नाई." मी भाकर थापता थापता म्हणायची, "आपल्या घरी दूध उरते कधी, नासाले?" मग दुसरी बातमी. दिल्लीकडं अशी पेटी आली म्हणे, तिच्यात बोलणाऱ्याचं तोंडही दिसतं. "पुरे करा," मी म्हणायची, "जेवा आधी." की हे पेपरची घडी करून मांडीखाली ठेवत.

नुसतं वाचण्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. घरात आलेली वस्तू पहिल्याच दिवशी खोलून पाहायची, ही दुसरी खोड. टॉर्च खोलला. गजराचं घड्याळ खोललं, तेव्हापासून गजर त्याच्या मनाला येईल तेव्हा वाजायचा. पंपाचा स्टो खोलला, तो पुन्हा कधी सरळ पेटला नाही. वाचला तो एकटा ट्रान्झिस्टर. तो आणला त्या दिवशी ह्यांनी पेचकस हातात घेतला, थोडा वेळ पाहत बसले आणि खाली ठेवला. "याले नाई खोलत," म्हणाले. त्याला चामड्याची पिशवी, वर मी विणलेला रुमाल. वस्तीतला तो पहिलाच. संध्याकाळी अंगणात माणसं जमायची आणि हे सारखं बटन फिरवायचे. एक गाणं कधी पुरतं ऐकू दिलं असेल तर शपथ!

मला रेडिओ नको होता. मला शिलाईची मशीन पाहिजे होती. पांढरकवड्याला माहेरी शेजारणीच्या मशीनवर माझा हात बसला होता, सातवी पास झाले होते, आणि इथं मुलींच्या शाळेत शिवणबाई नेमायची होती. मी अर्ज केला, बोलावणं आलं. परीक्षा यवतमाळला. समोर बसून पोलकं बेतायचं आणि मशीनवर शिवून द्यायचं. आमची वस्ती नुकतीच बौद्ध झालेली. तिथली एकही बाई तोवर शाळेत शिकवायला उभी राहिली नव्हती. मला उभं राहायचं होतं. पण लग्न झाल्यापासून मशीनला हात लागला नव्हता, आणि बाजारात शिंप्याच्या दुकानी बसून बाईमाणसानं सराव करायची रीत नव्हती.

"घेऊ ना, पुढच्या हंगामात," हे म्हणाले. परीक्षा काय हंगामाची वाट पाहत बसते? माझा जीव थाऱ्यावर राहीना. भाकर करपायची. मी कारण नसताना दारात जाऊन उभी राहायची, पुन्हा आत यायची. हातात पदर आला की बोटं आपोआप त्याच्या काठावर टाके घालायची.

बाजारात एक म्हातारे शिंपी होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी नवी पायमशीन घेतली होती, जुनी हातमशीन टेबलाखाली पडून होती. आणि चाचांचा एक कान कायम समोरच्या हॉटेलातल्या रेडिओकडे. हे मी पाहून ठेवलं होतं. एक दिवस हे जिनात गेले आणि मी ट्रान्झिस्टर पदराखाली घेऊन निघाले.

"चाचा, हा घ्या, आन् थे खालची मशीन मले द्या."

"बेटी, घरवाल्याले विचारलं का?"

"विचारलं," मी ठोकून दिलं.

चुंबळ करून मशीन डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून घरी आणली. लोकं पाहत होती. पाहू द्या! भीती त्यांची नव्हती, संध्याकाळची होती. ह्यांना काय काय उत्तरं द्यायची ते मी दिवसभर घोकत होते.

हे आले, हातपाय धुतले, फळीवरचा रुमाल उचलला. खाली काही नव्हतं.

"चाचाले देला," मी म्हटलं. "मशीन आणली."

हे रुमाल हातात धरून उभे. मग म्हणाले, "थो उन्हात तं नाई ठेवला ना त्यानं?"

बस, एवढंच. माझी सगळी उत्तरं तोंडातच राहिली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मग हे मशीनजवळ उकिडवे बसले, मूठ फिरवून पाहिली.

"हात लावाल तं पाहा!" मी म्हटलं.

सकाळी मी विहिरीवरून पाणी घेऊन आले तर मशीन पेपरवर पसरलेली. स्क्रू ताटलीत, ताटलीत घासलेट.

"आतमंधी लय मैल होता. टाका सुटला असता," हे म्हणाले.

"माह्या नोकरीचं वाटोळं केलं तुमी!" मी घागर आदळली. हे जोडत बसले. दुपारी मूठ फिरवली आणि कट्कन सुई मोडली. तेवढी एकच सुई होती. हे उठले, चप्पल घातली, निघून गेले.

कुठं गेले असतील ते मला माहीत होतं. चाचांकडे, रेडिओ ऐकायला. इकडे माझी परीक्षा चार दिवसांवर आलेली आणि हा माणूस तिकडे गाणी ऐकत बसलेला! मी घरात आले, अंगणात गेले, पुन्हा घरात आले. रडूही येईना, इतका राग आला होता.

दिवेलागणीला हे परतले. खिशातून सुयांची पुडी काढली. मशीन पुन्हा खोलली आणि एकेक भाग जिथल्या तिथं बसवत गेले, कुठं अडले नाहीत. चिंधी घातली, मूठ फिरवली. टाका सरळ पडला. "बस," म्हणाले. मी बसले. यवतमाळला जाऊन येईपर्यंत मी ह्यांच्याशी धड बोलले नाही.

नोकरी लागली. काही महिन्यांनी शाळेसाठी रिळं आणायला चाचांकडे गेले. ट्रान्झिस्टर टेबलावर वाजत होता, सावलीत.

"त्या दिवशी तुहा घरवाला आलता," चाचा म्हणाले. "मी म्हटलं, बस, आयक तुहा रेडिओ. तं म्हने, बंद करा चाचा, माहं ध्यान जाते. आतून दोन्ही सारख्याच, म्हनून माह्याकडून ही पायमशीन पुरी खोलून घेतली, लावून घेतली, मंग सोता खोलून पाह्यली. दिवस बुडाला. जिनातला खाडा पडला पठ्ठ्याचा. जाता जाता रेडिओवर हात फिरवला फकस्त."

मी रिळं घेतली आणि घरी आले. हे ताटावर बसलेले, मांडीवर पेपर. "आयकलं का वं? कपडे आपोआप धुनारी मशीन निघाली म्हंते..." एवढं म्हणून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आपणहूनच पेपरची घडी करायला लागले.

"थांबले काहून?" मी म्हटलं. "वाचा ना पुढं."